आधी सांगा, पडलं कसं?



दिवाळी सरली, पहाटे अंगावर काटा यायला लागला की बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या चिखलीतली रविवारची सकाळ सायकलवाल्यांची होते. एके काळी सायकल म्हणजे दूधवाला, पेपरवाला आणि शाळेची पोरं. आता मास्तर, बँकेतले साहेब, कृषी केंद्रवाले, माझे काही डॉक्टर मित्र, सगळेच गिअरच्या सायकली काढतात. कुणी साकेगावकडे जातो, कुणी बुलडाणा रस्त्याने केळवदपर्यंत, ज्याच्या मांड्यांत जोर आहे तो अमडापूरच्या बल्लाळदेवीचं दर्शन घेऊन येतो. अलीकडे ही मंडळी एकटी निघत नाहीत. थोरली मुलगी स्वतःच्या सायकलवर, धाकटा बापाच्या कॅरिअरवर, आई पोह्यांचा डबा घेऊन स्कूटीवर मागे. अख्खं घर निघतं. ते निघावंच, याबद्दल माझी तक्रार नाही.

त्यातली काही घरं सोमवारी माझ्या दवाखान्यातल्या बाकावर बसलेली असतात. गुडघा सोललेला, हनुवटीला रक्त, आईचा जीव टांगणीला. मी विचारतो, ‘पडलं कसं?’ वडील म्हणतात, ‘कसं का पडेना डॉक्टर, रक्त बघा किती आलंय.’ रक्ताचं काम थोडक्यात उरकतं. मूल कशावर आदळलं, डोकं टेकलं का, हात पुढे केला होता का, हँडल कुठे लागलं, हे कळलं तरच पट्टी बांधून घरी पाठवायचं की थेट बुलडाण्याच्या मोठ्या रुग्णालयात, ते ठरतं. सायकलवरून पडण्यात जे भळाभळा वाहतं ते बहुतेक वेळा किरकोळ असतं. जे घातक असतं ते पहिले काही तास दिसतच नाही.

सर्वांत फसवा मार पोटाचा. चाक खड्ड्यात किंवा खडीत अडकतं, हँडल आडवं फिरतं आणि त्याचं टोक पोटात घुसतं. मूल उठतं, कपडे झटकतं, पुन्हा सायकल चालवतं. अंगावर पाहावं तर बरगड्यांच्या खाली बांगडीएवढा लालसर गोल वण, तोही नीट निरखून पाहिला तर. पण आत काय झालं असेल? मागे पाठीचा कणा, पुढे हँडलची नळी आणि मध्ये स्वादुपिंड, म्हणजे अडकित्त्यात सापडलेली सुपारीच. डाव्या बाजूला मार असेल तर प्लीहा, उजव्या बाजूला असेल तर यकृत फाटू शकतं. मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात आणि बरगड्या लवचीक, त्यामुळे बरगडी न मोडताही आतला अवयव दुखावतो. यकृत-प्लीहेतला रक्तस्राव काही तासांत जाणवायला लागतो, स्वादुपिंडाचं आणि लहान आतड्याचं दुखणं मात्र एक-दोन दिवस दबा धरून बसतं. मग पोट दुखतं, मूल जेवणाला तोंड फिरवतं, उलट्या होतात, आणि घरचे म्हणतात, काल बाहेरची भजी खाल्ली त्याची बाधा. पडल्याची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

म्हणून हँडल पोटात लागलं एवढं कळलं की मूल हसत-खेळत असलं तरी दाखवायला आणा. सोनोग्राफी करू, गरज पडली तर सीटी स्कॅन. पोट कडक लागणं, डावा खांदा उगाच दुखणं, चेहरा पांढरा पडणं, घाम फुटणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, कारण ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. आणि घाबरूनही जाऊ नका. प्लीहा किंवा यकृताला चीर गेली तरी आजकाल बहुतेक मुलांना ऑपरेशनची गरज पडत नाही, रुग्णालयात झोपवून नीट नजर ठेवली की जखम आपोआप भरते. नजर ठेवायला मूल वेळेत आमच्यापर्यंत पोहोचलं पाहिजे, इतकंच.

या सगळ्यावरचा उपाय सायकलच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळतो. हँडलच्या रबरी मुठी बघा. वर्षा-दोन वर्षांत टोकाचं रबर फाटतं आणि आतली लोखंडी नळी उघडी पडते. नवी मूठ बसवून घ्या. आणि ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठी सायकल घेण्याची आपली जी जुनी काटकसर आहे, ती सोडा. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर ती सायकल त्या मुलाची नाही.

दुसरा मार धाकट्यांचा. कॅरिअरवर बसलेल्या पोराचा पाय मागच्या चाकात जातो. वयं साधारण २ ते ८ वर्षांची. चाकाच्या तारा आणि सायकलची चौकट यांच्यात टाच चिमटते. मूल असं किंचाळतं की बाप गोंधळून सायकल पुढे ढकलतो, किंवा पाय हिसडून बाहेर काढतो. दोन्ही करू नका. सायकल जागच्या जागी धरा, मुलाचं वजन कुणीतरी उचलून धरा, पाय सहज निघत नसेल तर पक्कड मागवून तारा कापा. तार स्वस्त आहे.

या जखमेचं एक लक्षण लोकांना माहीत नसतं. पहिल्या दिवशी टाचेला नुसतं खरचटल्यासारखं दिसतं. कातडी मात्र आतून चिरडलेली असते, ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी काळी पडते. कधी कातडी लावावी लागते, कधी आत हाड मोडलेलं निघतं. तेव्हा एक्स-रे काढायचा, पाय उशीवर उंच ठेवायचा आणि ‘आता बरं आहे’ असं वाटलं तरी दोन-तीन दिवसांनी पुन्हा दाखवायचं. लेकराला मागे बसवायचंच असेल तर पाठ टेकायला, पट्टा लावायला आणि पाय ठेवायला जागा असलेली खुर्ची बसवा, चाकाला जाळी लावा. आईच्या ओढणीचं आणि पदराचंही हेच. चाकात गेलेली ओढणी गळ्याला फास लावते, म्हणून ती खोचूनच बसा.

पडताना माणूस हात पुढे करतोच, त्याला कुणाचा इलाज नाही. मुलांमध्ये मनगट नाहीतर कोपराच्या वरचं हाड मोडतं, मोठ्यांचं मनगट किंवा खांद्याजवळचं हसळीचं हाड. कोपराच्या बाबतीत मी कडक बोलतो. कोपराजवळून हाताला रक्त पुरवणारी मोठी धमनी आणि नसा जातात. हात वेडावाकडा दिसत असेल, बोटं गार पडली असतील, मुंग्या येत असतील किंवा बोटं सरळ करताना पोर ओरडत असेल, तर काही तासांतच उपचार व्हावे लागतात. आपल्याकडे अजूनही अशी मुलं आधी हाड बसवणाऱ्याकडे जातात. तो चोळतो, कामट्या लावून आवळून बांधतो आणि आत सुजेला जागाच उरत नाही. रक्तपुरवठा तुटला की स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. त्या माणसाचा हेतू चांगला असतो, हे मी मान्य करतो. पण एक्स-रे काढल्याशिवाय मोडलेल्या हाडाला हात लावू देऊ नका. तोवर हात आहे त्या स्थितीत ठेवा, वर्तमानपत्राची जाड घडी खाली घालून ओढणीने सैलसर बांधा आणि निघा.

मोठ्यांसाठी एक सूचना. मनगट मुरगळलंय असं वाटतंय, एक्स-रेत काही दिसलं नाही, पण अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तिथे दाबल्यावर कळ येते. अशा वेळी तिथलं छोटं हाड तडकलेलं असू शकतं आणि ते पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा लपतं. १०-१४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तोवर पट्टा काढायचा नाही.

डोक्याचं काय? चिखलीत हेल्मेट घालून सायकल चालवणाऱ्याला आजही लोक वळून बघतात. बघू देत. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे कललेलं नको. पट्टे कानाखाली येऊन मिळावेत आणि हनुवटीखाली एकच बोट शिरावं. वडिलांचं मोटारसायकलचं हेल्मेट मुलाला घालू नका, ते जड असतं आणि डोक्यावर फिरतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला, त्याच्या आतल्या फोमने धक्का सोसून आपलं काम संपवलेलं असतं.

डोकं आपटल्यावर मूल रडलं आणि थोड्या वेळात खेळायला लागलं, तर बहुधा चिंता नसते. तरीही पहिले २४ तास कुणीतरी सोबत राहा. शुद्ध हरपली असेल, एकाहून जास्त उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बरळणं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही असेल तर तडक रुग्णालय. ‘झोपू देऊ नका’ हा सल्ला अर्धवट आहे. झोपू द्या, पण मधून मधून हलवून जागं होतंय ना ते बघा. नेहमीसारखं जागं होत नसेल तर निघा. आणि घरात कुणी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल तर त्याच्या डोक्यावरचं साधं टेंगूळही दाखवा.

खरचटलेलं मात्र घरी सांभाळता येतं. स्वच्छ पाण्याची धार धरा, भरपूर आणि वेळ देऊन. डांबराचे बारीक खडे आत राहिले तर कातडीत काळे डाग कायमचे गोंदले जातात. चुना, तंबाखू, कॉफी, टूथपेस्ट काहीही भरू नका. हळद स्वयंपाकघरात राहू द्या. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. जखमेत माती गेली असेल आणि पाच वर्षं उलटून गेली असतील तर एक घ्या. आधीच्या मात्रा पूर्ण झाल्या असतील तर दर पडण्याला घ्यायची गरज नाही.

दात पडला तर? कायमचा दात असेल तर तो शोधा, मुळाला हात न लावता पांढऱ्या भागाला धरा, माती लागली असेल तर क्षणभर धुवा आणि थंड दुधाच्या पेल्यात टाकून तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. वाटेत चहाची टपरी असतेच, तिथे दूध मिळतं. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

कुत्रा मागे लागला की जोरात पॅडल मारू नका, तोल तिथेच जातो. उतरा आणि सायकल मध्ये धरून उभे राहा. चावलाच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं रेबीजविरोधी सीरमही लागतं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. मधली मात्रा चुकवू नका.

आता बापांसाठी. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, त्याच्या दोन वर्षं आधी नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी ती जोडीने पार केली. ही सगळी डॉक्टर मंडळी, त्यामुळे मलाही अभिमान आहे. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव असतो. आपल्याकडे मंगळवारी सायकल येते आणि रविवारी खामगावमार्गे थेट शेगाव. गजानन महाराज कुठे जात नाहीत, चार महिन्यांनी दर्शनाला जा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी आधी तपासून घ्यावं. चढावर छातीत भरून आलं, जबडा किंवा डावा हात दुखला, तर ते पित्त समजून सोडा पिऊ नका, उतरा. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. हात थरथरले, घाम सुटला की आधी ती खावी, मग विचार करावा. करंगळी बधिर होते ती हँडलवर फार भार टाकल्याने. गुडघा पुढून दुखतो तो बहुधा सीट खाली असल्याने. टाच पॅडलवर ठेवून पाय खाली नेला की गुडघा जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीट वर घ्या.

रस्त्यांचं थोडक्यात. सोयाबीनच्या दिवसांत डांबरावर वाळवण पसरलेलं असतं. त्यावर ब्रेक लावला की चाक सरकलंच, म्हणून आधीच वेग कमी करा. राजूर घाट उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा. नुसता पुढचा आवळला की माणूस हँडलवरून पुढे जातो. समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, तिकडे फोटो काढायलाही नको. आणि उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी या.

शेवटी एक विनंती, आणि ती आईवडिलांना आहे. पोरं पडल्याचं लपवतात. मोठ्या रस्त्याला गेलो होतो, पैज लावली होती, हात सोडून चालवत होतो, हे सांगितलं तर मार बसेल, या भीतीने ती ‘काही नाही झालं’ म्हणतात आणि पोट धरून झोपतात. आम्हाला मग दोन दिवसांनी अंदाज बांधत बसावं लागतं. पडून आलेल्या पोराला आधी जवळ बसवा, सदरा वर करून पोट बघा आणि कसं पडलास ते शांतपणे विचारा. ओरडायचंच असेल तर सोनोग्राफीचा रिपोर्ट आल्यावर ओरडा.