स्टिअरिंग का थरथरते?

गावच्या रस्त्याला गाडी नीट चालते आणि हमरस्त्यावर ८०-९० चा वेग घेतला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते, ही तक्रार पुष्कळांची असते. गेल्या पावसाळ्यात आम्हालाही हा अनुभव आला. ऊस पाहायला गाडी थेट बांधापर्यंत घातली होती. दोन दिवसांनी पुणे-बेंगळुरू रस्त्याला लागलो, तो ही थरथर! एका गॅरेजवाल्याने अलाइनमेंट करून पैसे घेतले, थरथर मात्र जशीच्या तशी. शेवटी चाक काढले, तर रिमच्या आतल्या अंगाला काळ्या मातीचा वाळून टणक झालेला थर. तो खरवडला आणि गाडी सरळ झाली.

एवढ्याशा मातीने एवढे होते काय? होते. १०० च्या वेगाला मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेते. रिमच्या कडेला एकाच बाजूस २० ग्रॅम जादा असले, तर त्या वेगाला जवळपास ३ किलोची ओढ चाकाला बसते, तीही फिरती. वेग निम्मा केला की ओढ चौथाई होते, म्हणून गावात काही कळत नाही. रिमला लावलेले छोटे वजन गळून पडले तरी हेच होते. मग बॅलन्सिंग करून घ्यावे. अलाइनमेंटचे काम निराळे. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायर एकाच कडेने झिजत असेल, तर ते.

पण नुकतेच पंक्चर काढले असेल आणि थरथर सुरू झाली, तर आधी गाडी कडेला घेऊन नट पाहा. 'पुढच्या गावात बघू' म्हणू नका, चाक निखळायला तेवढा वेळ पुरतो. नट आवळताना समोरासमोरचे आवळावेत, ओळीने नव्हे.

थरथर हातात जाणवली तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, बैठकीत जाणवली तर मागच्या. ब्रेक दाबल्यावरच येत असेल तर ब्रेकची डिस्क. हळू वेगातही गाडी हिंदकळत असेल, तर रिम वाकली आहे किंवा टायरला फुगवटा आहे. फुगवट्याचा टायर त्याच दिवशी बदलावा, त्यात काटकसर नको.

एवढ्यानेही उलगडले नाही, तर सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावून पुढचे चाक जॅकवर उचला. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. खटखट लागली तर टाय रॉडचे सांधे सैल. १२ आणि ६ ला धरून लागली, तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. गाडीखाली मात्र शिरू नका. अशी ढिलाई निघाली तर ती आधी काढून घ्यावी, बॅलन्सिंग त्यानंतर.