माहुलीचे तीन माथे

(ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात माहुली नावाचा किल्ला आहे. त्याला एक नव्हे, तीन माथे आहेत. शरद ऋतूत एका दिवसात तेथे कसे जावे आणि वेळेवर कसे परतावे, हे या पाठात सांगितले आहे.)

पावसाळा संपला की आकाश निळे होते. डोंगर अजून हिरवेच असतात. ओढ्यांना पाणी असते. दसऱ्यानंतरचे हे दिवस डोंगर चढायला चांगले. काश्मीरमध्ये गुलमर्गला लोक हिवाळ्यात बर्फावर घसरण्याचा खेळ खेळतात. तेथे शरद ऋतू म्हणजे बर्फ पडण्याआधीचे चालण्याचे शेवटचे दिवस. आपल्या सह्याद्रीत मात्र याच ऋतूत निसरड्या वाटा सुकू लागतात आणि चालणे सोपे होते.

समजा, तुम्ही कोलशेतला राहता. पहाटे बसने ठाणे स्टेशनला जा. तेथून कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडा. कल्याण, टिटवाळा, वासिंद ही स्टेशने मागे टाकून गाडी आसनगावला पोहोचते. आसनगावहून माहुली गाव सुमारे पाच किलोमीटर आहे. तेथे जायला रिक्षा मिळते. पायथ्याशी महादेवाचे मंदिर आहे. तेथूनच जंगल सुरू होते. हा भाग तानसा अभयारण्यात येतो. म्हणून येथे झाडे तोडणे, आग पेटवणे, कचरा टाकणे यांना मनाई आहे.

माहुलीची उंची सुमारे ८५८ मीटर आहे. वाट आधी दाट झाडीतून जाते, मग उभ्या सोंडेवरून चढते. वाटेत कारवीची झुडपे लागतात. कारवीला साधारणपणे सात वर्षांनी एकदाच फुले येतात. उघड्या जागी सोनकीची पिवळी फुले दिसतात. शेवटी एक लोखंडी शिडी येते. शिडी चढली की आपण गडावर पोहोचतो. पायथ्यापासून येथवर यायला सुमारे तीन तास लागतात.

गडावर पाण्याचे टाके, महादरवाजा, वाड्याचे आणि नमाजगीरचे अवशेष आहेत. मधला माथा म्हणजे माहुली. उत्तरेचा पळसगड आणि दक्षिणेचा भंडारगड. माथ्यांच्या मध्ये खिंडी आहेत. भंडारगडाच्या टोकावरून वजीर, नवरा आणि नवरी हे सुळके दिसतात. पश्चिमेकडे तानसा तलाव चमकतो. १८९२ सालापासून या तलावाचे पाणी मुंबईला मिळते.

पूर्वेकडे भातसा नदीचे खोरे आहे. भातसा पुढे काळू नदीला मिळते, काळू उल्हास नदीला मिळते आणि उल्हास नदी खाडीला येते. ती खाडी कोलशेतच्या काठावरून जाते. म्हणजे माहुलीच्या या बाजूला पडलेला पाऊस शेवटी तुमच्याच गावाजवळून समुद्राकडे जातो!

आता मुख्य प्रश्न. एका दिवसात तीनही माथे पाहता येतील का?

याचे उत्तर घड्याळ देते. जून महिन्यात आपल्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटी तो सहाच्या सुमारासच मावळतो. म्हणजे संध्याकाळचा एक तासाहून अधिक उजेड कमी होतो. शिवाय आपली वाट गडाच्या पूर्वेला आहे. दुपारनंतर सूर्य गडाच्या मागे जातो आणि झाडीत लवकर अंधार होतो. पावसात वाढलेल्या उंच गवतात वाट चटकन दिसत नाही. गवतात साप असू शकतात. दुपारी उन्हाचा तडाखाही असतो.

म्हणून उलटा हिशोब करावा. पाच वाजता गावात परत यायचे आहे. उतरायला अडीच तास लागतात. म्हणजे अडीच वाजता शिडीजवळ असलेच पाहिजे. सकाळी साडेसातला चढायला सुरुवात केली, तर साडेदहाला आपण वर पोहोचतो. गडावर राहायला चार तास मिळतात. तेवढ्यात माहुली पाहून, जेवून, भंडारगडाला जाऊन परत येता येते. पळसगड मात्र राहतो. तो दाट झाडीत आहे. तीनही माथे एका दिवसात चालणारे लोक आहेत. पण त्यांना वाटेची पूर्ण माहिती असते.

समोर तिसरा माथा दिसत असतो. पायांत बळही असते. सोबतचा एखादा म्हणतो, “अरे, आता इतके जवळ आलो आहोत, चला की!” अशा वेळी “नाही” म्हणणे कठीण असते. पण परतीची वेळ घरूनच ठरवलेली असावी आणि ती सर्वांनी पाळावी. गटात जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने हिशोब करावा.

माहुलीचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. १६३६ साली निजामशाहीच्या शेवटच्या दिवसांत शहाजीराजे या गडावर होते. मोगल सरदार खानजमान याने गडाला वेढा घातला. बाहेरून मदत येईना, तेव्हा शहाजीराजांना तह करावा लागला. पुढे शिवाजी महाराजांनी हा गड घेतला. पण १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला. १६७० साली मराठ्यांनी गडावर हल्ला केला. तेव्हा मनोहरदास गौड हा मोगलांचा किल्लेदार होता. त्याने गड शर्थीने लढवला. मराठ्यांचे अनेक सैनिक पडले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. पण त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळे यांनी माहुली जिंकली.

त्या वीरांपुढे तर प्राणांचा प्रश्न होता. आपण सहलीला जातो. आपल्याला माघार घ्यायला लाज कसली? पळसगड कोठे जाणार नाही. पुढच्या वर्षी, पाऊस संपल्यावर, तो तेथेच असेल. आपण मात्र सुखरूप घरी पोहोचलो पाहिजे.

शब्दार्थ
सोंड – डोंगराची लांब उतरती कड
सुळका – उंच, टोकदार खडक
खिंड – दोन डोंगरांमधील अरुंद वाट
अवशेष – मोडक्या वस्तूचा उरलेला भाग
वेढा घालणे – चारी बाजूंनी घेरणे
तह – लढाई थांबवण्याचा करार
शर्थीने – सर्व शक्ती लावून
माघार घेणे – मागे फिरणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) माहुलीच्या तीन माथ्यांची नावे कोणती?
(आ) तानसा तलावाचे पाणी कोणत्या शहराला मिळते?
(इ) १६७० साली माहुलीचा मोगल किल्लेदार कोण होता?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) शरद ऋतूत गडावरून लवकर का उतरावे?
(आ) माहुलीवरील पावसाचे पाणी कोलशेतपर्यंत कसे येते?

३. उतरायला तीन तास लागणार असतील, तर शिडीजवळ किती वाजता यावे? हिशोब करून सांगा.

४. किल्ला, दरवाजा, वजीर, सरदार, हिशोब हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.