आईसाठी वृद्धाश्रम निवडताना

प्रश्न : आई ७८ वर्षांची, अंथरुणाला खिळलेली. पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमाची इमारत आवडली. आणखी काय पाहावं?

उत्तर : इमारत राहू द्या, तिथली रात्र कशी असते ते विचारा. किती जणांमागे एक मदतनीस जागा असतो? आईसारख्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाजवळ आणि टाचांवर शय्याव्रण होतात. कूस बदलल्याची नोंदवही मागा. आठवडाभराच्या नोंदी एका बैठकीत, एकाच हाताने लिहिलेल्या वाटल्या, तर मला तरी ती जागा नको.

जेवणाच्या वेळी, न कळवता जा. अंथरुणावरच्यांना उठवून बसवून, सावकाश भरवतात का? आडवं ठेवून घाईने भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशी अचानक भेट नाकारत असतील, तर दुसरी जागा शोधा.

अनामत रकमेचा परतावा, आणि अपरात्री रुग्णालयात कोण नेणार, हे करारात लिहून घ्या. पुढे तक्रार उद्भवली, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. शक्य असेल, तर ठरवण्याआधी आईलाही विचारा.