पूर यायच्या आधी मोबाईलमधल्या एआयकडून काय करून घ्यायचं



व्हॉट्सॲपमधला मेटा एआय, चॅटजीपीटी किंवा जेमिनी बरेच जण वापरताय. पिकाचे प्रश्न विचारता तसा पुराच्या तयारीसाठीही त्याचा उपयोग होतो. पण तो पाणी चढायच्या आधी, चढल्यावर नाही.

नुसतं "पूर आल्यावर काय करावे" विचारलं तर पुस्तकी उत्तर येतं. आपली परिस्थिती सांगा. माईक दाबून बोललात तरी चालतं. उदाहरणार्थ:

"घर पंचगंगेच्या काठाला आहे. ४ म्हशी, २ रेडकं. आई ७५ वर्षांची, तिला चालता येत नाही. नदीवर साडेसात एचपीची मोटार आहे. २०१९ ला गोठ्यात छातीएवढं पाणी होतं. पाणी यायच्या आधी कोणती कामं कोणत्या क्रमाने करू? माहिती कमी पडत असेल तर आधी मला प्रश्न विचार."

शेवटचं वाक्य विसरू नका. मग तोच विचारतो, जनावरं न्यायला गाडी आहे का, आईची औषधं किती दिवसांची आहेत, वैरण कुठे ठेवणार.

एक गोष्ट मात्र त्याला माहीत नसते. घरात पाणी शिरायच्या आधी आपला रस्ता बंद होतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, पण तुमचा ओढा किती फुटांना रस्त्यावर येतो हे गावातल्या जुन्या माणसांनाच विचारा. तो आकडा एआयला द्या आणि त्याच्या आधी जनावरं हलतील अशी यादी करून घ्या.

आज पाणी किती फूट आहे, धरणाचे दरवाजे उघडले का, हे त्याला अजिबात विचारू नका. चुकीचा आकडाही तो ठामपणे सांगू शकतो. त्यासाठी प्रशासनाचे संदेश बघा किंवा १०७७ ला फोन करा. विजेच्या इशाऱ्यासाठी दामिनी ॲप आहे. जनावराच्या औषधाचा डोसही त्याला विचारू नका, १९६२ ला फोन लावा. योजनांची माहितीही जुनी असू शकते. १ रुपयात पीक विमा खरीप २०२३ ला सुरू झाला आणि खरीप २०२५ पासून बंद आहे, तरी तो अजून मिळतो असंही सांगू शकतो.

आता भांगलणीला येणाऱ्या बायकांचं आणि गोठ्यावरच्या गड्यांचं. कुणाला कन्नड समजतं, कुणाला हिंदी, आणि आपल्या ग्रुपवरची सूचना मराठीत. २०१९ असो की २०२१, कुठे जायचं हे त्यांना शेजारी बघूनच कळत होतं. तुमची यादी एआयला देऊन सांगा, "हे सोप्या कन्नडमध्ये, ५ ओळींत लिही." पाठवण्याआधी कन्नड येणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या, गावाचं किंवा शाळेचं नाव बदललेलं असू शकतं. वाचता येत नसेल त्यांना त्याच माणसाच्या आवाजात व्हॉइस मेसेज पाठवा.

आधार, बँक खातं, ओटीपी एआयला देऊ नका. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबर आणि सातबारा यांचे फोटो मात्र आजच काढून एक प्रत बाहेरगावच्या पाहुण्यांच्या फोनवर ठेवा.

पुरात लाईट आणि रेंज दोन्ही जातात, तेव्हा यादी कागदावर उतरवून गोठ्यात उंचावर चिकटवा. नेता न येणारं जनावर दावणीला बांधून सोडून जाऊ नका, दावं सोडा.

यादी करताना अडलं तर सकाळी १० ते ५ संकलन केंद्रावर या, फोन चार्ज करून आणा.

– कृषी सल्ला विभाग