परसातल्या कोंबड्यांना बागेतले किडे : 'खाद्य खर्च शून्य' हे गणित कुठे चुकतं?

मागच्या बॅचमध्ये एकाने 20 गावठी कोंबड्यांचा हिशोब लिहून आणला होता. महिन्याला 200 अंडी, दर 10 रुपये, जमा 2,000. खर्चाच्या बाजूला 'खाद्य : शून्य'. का, तर "सर, परसबागेत किडे-अळ्या भरपूर आहेत, कोंबड्या त्यावरच जगतील." व्हिडिओत मी यावर दोनच मिनिटं बोललो, म्हणून इथे नीट लिहितो.

मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते. मोकळी फिरली तर त्यातलं निम्मं ती स्वतः शोधते असं धरू. तरी 20 कोंबड्यांना रोज किलोभर दाणा तुम्हाला टाकावाच लागणार. मका, ज्वारी, तांदळाची कणी मिळून 35 रुपये किलो धरली (तुमच्या गावचा भाव टाका), तर महिन्याला 1,050 रुपये. म्हणजे 2,000 चे राहिले 950. लस, औषध आणि मुंगसाने नेलेली कोंबडी अजून धरलेलीच नाही.

आता किड्यांकडे येऊ. हुमणीची ताजी अळी तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त पाणीच असते. पाव किलो अळ्या वेचल्या तर कोरडा माल 50-60 ग्रॅम, आणि त्यात साधारण निम्मी प्रथिनं. एवढी प्रथिनं 60 ग्रॅम सोयापेंडीतही मिळतात. पेंड 50 रुपये किलो धरा, झाले 3 रुपये. अर्धा तास कंबर मोडून 3 रुपये! ही मजुरी कुणाला परवडेल सांगा.

मग किडे फुकट गेले का? नाही. नुसत्या धान्यात प्रथिनं 8 ते 10 टक्के असतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला साधारण 16 टक्के लागतात. ही जी तूट आहे ना, ती किडे भरतात. त्यामुळे किडे धरायचे ते पेंडीच्या जागी, दाण्याच्या जागी नाही. कॅल्शियमही त्यात फारसं नसतं, त्यामुळे शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवायचाच.

माझा नियम सोपा आहे : किडे आपण वेचायचे नाहीत, कोंबड्यांना किड्यांपर्यंत न्यायचं. वाफा काढून झाला, पुढची लागवड अजून आठ-दहा दिवसांवर आहे, अशा वेळी कुदळीने माती पलटा आणि जुन्या जाळीचं कुंपण करून कोंबड्या आत सोडा. हुमणी, कोष, वाळवी, सगळं टिपतात. माती न पलटता सोडल्या तर वरचं दोन-चार बोटं उकरतात, खालची हुमणी तशीच राहते. कोवळी रोपं असलेल्या वाफ्यात मात्र चुकूनही सोडू नका, किड्याच्या आधी रोपच उपटलं जातं. शेणखताचा खड्डा तर कोंबड्यांची मेजवानी! कोकणात नारळाला त्रास देणारा गेंड्या भुंगा याच खतात वाढतो. मे महिन्यात खत उपसताना कोंबड्या जवळ असल्या की त्याच्या जाड पांढऱ्या अळ्या खड्ड्याबाहेर टिकत नाहीत.

हाताने गोळा करण्यासारखी एकच वेळ आहे. वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. खाली जुनी साडी अंथरून फांदी हलवा, भुंगेरे पडतात. एरवी ते रॉकेलच्या पाण्यात टाकून मारतात. कोंबड्यांना द्यायचे असतील तर साधं पाणी घ्या, रॉकेल लागलेला भुंगेरा अजिबात नको. यात पेंडीची बचत छोटीच आहे. खरा फायदा असा, की मादी अंडी घालायच्या आधीच उचलली जाते.

आता जिथे धंदा बुडतो ती गोष्ट. फवारणी. तीन वर्षांपूर्वी मी ओळखीतून पिशवीभर अळ्या आणल्या आणि फवारणी झाली होती का, हे विचारलंच नाही. संध्याकाळपर्यंत तीन कोंबड्या गेल्या. उरलेल्या वरून ठणठणीत होत्या, अंडीही देत होत्या. पण ती अंडी मी दुकानात ठेवली नाहीत, पशुवैद्यक हो म्हणेपर्यंत सगळी पुरली. गिऱ्हाईक चार रुपये जास्त कशासाठी देतं? घरात लहान मूल आहे म्हणून. तेव्हापासून फवारलेल्या तुकड्यातला किडा त्या हंगामात माझ्या कोंबड्यांना बंद. शेजाऱ्याने फवारलं तरी कोंबड्या बांधाच्या अलीकडेच. दिवसाढवळ्या मलूल, सहज हाती लागणारी अळी दिसली की आधी संशय घ्या, चपळ असती तर एवढी सापडली नसती.

भेंडी-तुरीच्या फुलांवर बसणारा, काळ्या अंगावर केशरी-पिवळे पट्टे असलेला भुंगेराही टाळा. त्याच्या अंगातल्या रसाने आपल्या कातडीला फोड येतात, आणि पोटात गेला तर तो विषारीच. गोगलगायींचं म्हणाल तर जिथे मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्यात तिथे कोंबडी फिरकता कामा नये. शिवाय गोगलगाय, मुंग्या, शेणातले भुंगेरे यांच्यातून पट्टकृमी कोंबडीच्या पोटात जातात. मोकळ्या कोंबड्यांचं जंताचं औषध पशुवैद्यकांना विचारून वेळेवर द्या आणि तो खर्च वहीत लिहा.

त्या विद्यार्थ्याने नंतर पान बदलून आणलं. दाणा 1,050, औषध आणि लस 150, पेंडीतली बचत 90, तीही फक्त किडे मिळतात त्या महिन्यांत. शिल्लक एरवी 800 आणि किड्यांच्या महिन्यात 890 आली. तोंड जरा पडलं होतं त्याचं. मग आम्ही दर 10 वरून 12 केला, तर काय होतं ते मांडायला बसलो.