परार्धापासून घातांकापर्यंत

मोठ्या संख्यांचे गणित हे विज्ञानशाखेचे काम, अशी आपल्या कलाशाखेत एक सोयीस्कर समजूत आहे. मी भूगोलाचा विद्यार्थी. ताऱ्यांची अंतरे, खडकांची वये आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे यांच्याशी माझीही गाठ पडतेच. अशा वेळी गणकयंत्र नुसते हाती असून भागत नाही. त्याची भाषाही यावी लागते.

एक उदाहरण घेऊ. प्रकाश सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर जातो आणि वर्षाचे सेकंद होतात सुमारे ३ कोटी १५ लाख ६० हजार. यांचा गुणाकार सोळा अंकी येतो. दुकानातील बारा अंकी गणकयंत्रात तो मावत नाही. वैज्ञानिक गणकयंत्र मात्र ९.४६८ आणि बाजूला १५ असे दाखवते. हा १५ म्हणजे दहाचा घातांक, ९.४६८ ला दहाने पंधरा वेळा गुणायचे, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांना नावे आहेत आणि प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट आहे. आपल्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे त्यात नमूद आहे. त्या गणनेत कोटी म्हणजे घातांक ७, महापद्म १२, अंत्य १५ आणि परार्ध १७. म्हणजे वरचे प्रकाशवर्ष जवळजवळ साडेनऊ अंत्य मीटरांचे झाले!

आता यंत्राकडे वळू. त्यावर ‘ईएक्सपी’ किंवा ‘ईई’ असे बटण असते. नव्या यंत्रांवर तेथे ‘गुणिले दहाचा घात’ अशी खूण असते. ‘गुणिले दहाचा घात’ एवढे सारे त्या एकाच बटणात आहे. म्हणून ३ कोटी लिहिताना ३, मग ते बटण, मग ७ दाबावे. मध्ये ‘× १०’ वेगळे दाबले तर उत्तर दसपट होते. घातांक ऋण असेल तर वजाबाकीचे नव्हे, चिन्ह बदलण्याचे बटण वापरावे.

भागाकारात अधिक जपावे लागते. ६ भागिले २ हजार हे गणित या बटणाने केले तर ०.००३ असे बरोबर उत्तर येते. पण ६ ÷ २ × १० चा ३ रा घात असे कंसाशिवाय दाबले तर यंत्र आधी ६ ला २ ने भागते आणि ३००० दाखवते. फरक दहा लाख पटींचा! पण दोन्ही उत्तरे पडद्यावर सारख्याच विश्वासाने उमटतात.

यावर उपाय एकच. बटण दाबण्यापूर्वी घातांकांचा अंदाज मनात करावा. गुणाकारात त्यांची बेरीज, भागाकारात वजाबाकी. गोदावरीच्या एक लिटर पाण्यात रेणू किती? १८ ग्रॅम पाण्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू असतात. लिटरचे १००० ग्रॅम, म्हणजे घातांक ३. २३ आणि ३ मिळून २६. अठराने भागल्यावर एक घातांक कमी, आणि ६ भागिले १.८ म्हणजे ३.३. म्हणून उत्तर सुमारे ३.३ गुणिले १० चा २५ वा घात. परार्धात सांगायचे तर तेहतीस कोटी परार्ध! तेहतीस कोटींचा आकडा आपल्याला तसा ओळखीचाच आहे.

ही सवय अर्थशास्त्रातही उपयोगी पडते. बिलियन म्हणजे घातांक ९, अर्थात शंभर कोटी. ट्रिलियन म्हणजे १२, अर्थात एक लाख कोटी. बिलियनला दहा कोटी समजून वाचणारा वाचक देशाचा अर्थसंकल्प दहा पटींनी लहान करून टाकतो. आपण मतदार आहोत, उद्या शिक्षक आणि पत्रकारही होणार आहोत. तेव्हा वर्तमानपत्रातील पुढचा मोठा आकडा आपण आधी दहाच्या घातांकात लिहून पाहावा आणि मगच त्यावर मत द्यावे, एवढीच माझी विनंती.