बोंड वेचणारी मऊ बोटे

प्रश्न : पॉलिमरमध्ये पीएचडी झाली. मऊ अ‍ॅक्च्युएटरवर पोस्टडॉक केल्यास आमच्या यवतमाळ जिल्ह्याला उपयोग होईल का? – एक वाचक, दिग्रस

उत्तर : होऊ शकतो, आणि व्हायला हवा. कापसाच्या एकाच पऱ्हाटीवर फुटलेली नि कच्ची बोंडे सोबत असतात, म्हणून आपल्याकडे वेचणी हातानेच होते. हवा भरली की वळणारे सिलिकोनचे बोट, म्हणजेच मऊ अ‍ॅक्च्युएटर, कच्च्या बोंडाला धक्का न लावता कापूस ओढू शकेल. खरी अडचण त्यावरच्या सेन्सरच्या तारेची. सिलिकोन दुप्पट ताणले तरी टिकते, तांब्याची सरळ तार तुटते. म्हणून ती नागमोडी घालतात किंवा बारीक नळीत गॅलियम-इंडियमचा द्रव मिश्रधातू भरतात. तुमचे पॉलिमरचे ज्ञान इथेच लागेल. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची (एएनआरएफ) राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप २ वर्षांची असते. मार्गदर्शक आधी ठरवा, आणि वेचणीच्या हंगामात नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत जाऊन या.